भिंगरीची सुनावणी

“एका अर्जाचं तर काम आहे,” असं आबा म्हणाले, तेव्हाच खरं तर त्यांना कुणीतरी खुर्चीला बांधून ठेवायला हवं होतं.

पण घरात तेवढी फुरसत कुणाला? मुलगा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होता. सूनबाई इस्पितळात नर्स, ती पहाटेच पाळीला गेली होती. आजी भाजी निवडत होत्या. आणि जिच्यासाठी हा अर्ज करायचा होता ती नऊ वर्षांची नात, जिला सगळी इमारत भिंगरी म्हणायची, ती टेबलावर मांडी घालून पेन्सिलीला टोक काढत होती. आबांचं वाक्य तिच्या कानावर पडलं नाही. तिला जन्मापासूनच ऐकू येत नव्हतं. पडलं असतं, तर तिने नक्की हरकत घेतली असती, कारण आबांना ती फार चांगली ओळखून होती.

आबांनी चौतीस वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली होती. आपल्या हातून एकही कागद गहाळ झाला नाही, असं ते सांगत, आणि ते खरं असावं. निवृत्तीच्या दिवशी ‘भाषण आवरा’ अशी चिठ्ठी कुणीतरी त्यांच्या हातात सरकवली, तर तिच्यावरही आवक क्रमांक घालून त्यांनी ती खिशात ठेवली होती. भाषण मात्र आवरलं नव्हतं. त्यांना बोलायचा फार सोस. इमारतीत कसलाही कार्यक्रम असो, आभार आबांनीच मानायचे. पाण्याच्या टाकीची सफाई झाली तेव्हा त्यांनी सफाई करणाऱ्यांचे, टाकी बांधणाऱ्यांचे आणि शेवटी पाण्याचे आभार मानले होते.

अडचण होती ती अशी. भिंगरी साध्याच शाळेत जायची. हुशार होती. ओठ बघून थोडंफार ओळखायची. पण बाई फळ्याकडे वळल्या की वाक्य अर्धं व्हायचं, आणि बाईंना फळ्याकडे वळायची फार आवड. मग भिंगरी शेजारच्या मुलीच्या वहीत बघून उतरवून घ्यायची. तिच्या चुकांसकट. एकदा तर परीक्षेत पेपरावर तिचं नावही उतरवून आली. दोघींनाही शून्य मिळालं.

वर्गात खुणांची भाषा जाणणारी दुभाषी ताई मिळणं हा अशा मुलांचा हक्क होता. शाळेची ना नव्हती. फक्त शिक्षण खात्याची मंजुरी हवी होती, आणि मंजुरीसाठी अर्ज. आईवडिलांनी सह्या करून दिल्या. पुढचं आबांनी अंगावर घेतलं.

नमुन्यात ‘अर्जदाराची अडचण (थोडक्यात)’ असं लिहून खाली तीन ओळींची जागा सोडली होती. ‘थोडक्यात’ हा शब्द आबांनी आयुष्यात कधी मनावर घेतला नव्हता. त्यांनी तिथे ‘सोबत जोडले आहे’ असं लिहिलं आणि सोबत अकरा पानं जोडली.

खिडकीतल्या बाईंनी ती पानं अंगठ्याने फर्रकन फिरवून पाहिली.

“आजोबा, हे कुणी वाचायचं?”

“अर्थात तुम्ही.”

“मी शिक्का मारते. वाचत नाही.”

आबांना हे लागलं. चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाला खिडकी बाहेरून एवढी उंच असते याची कल्पनाच नव्हती. आत बोलायचं तर टाचा वर करायला लागत होत्या, आणि टाचा वर करून मोठ्या अधिकाराने बोलणं अवघड असतं. त्यांनी दहा पानं परत घेतली. अकरावं आभाराचं होतं, ते राहू दिलं.

चार दिवसांनी खात्यातून फोन आला.

“अर्जदार आहेत का? खातरजमा करायचीय.”

“अर्जदार म्हणजे माझी नात. तिला ऐकू येत नाही.”

“बरं, मग त्यांना बरं वाटलं की करते परत,” असं म्हणून फोन ठेवण्यात आला.

पुन्हा दोन दिवसांनी तोच आवाज. “अर्जदाराशीच बोलायचंय. नियम आहे.”

“अहो बाई, ऐकू येत नाही म्हणून तर अर्ज केलाय!”

“ते अर्जात आहे. माझ्यापुढे फोनचा कागद आहे. त्यात तो रकाना नाही. तीनदा फोन करून अर्जदार भेटले नाहीत तर फाईल बंद होते. हा दुसरा.”

आता ही गोष्ट आबांनी घरातल्या घरात ठेवायला हवी होती. पण संध्याकाळी ते खाली उतरले आणि पायऱ्यांवर बसून सगळं इमारतीला सांगितलं, आणि मग काय, सल्ल्यांना तोटा नाही. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रिल मास्तर म्हणाले, सरळ जायचं आणि टेबलावर मूठ आपटायची. त्यांचा सगळ्यावर हाच तोडगा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी त्यांच्या आत्याचा कान कोमट तेलाने कसा उघडला ते सांगितलं. आत्याच्या कानात शिवणाचं बटण गेलं होतं, हे मात्र बऱ्याच वेळाने बाहेर आलं. आणि समोरचा औषधवाला, जो गिऱ्हाईक नसलं की दुकानाबाहेर येऊन उभा राहायचा, तो आवाज खाली आणून म्हणाला, “त्यांना फक्त एक बारीक आवाज ऐकायचाय ना? आजींचा आवाज अजून कसा कोवळा आहे!”

आबा म्हणाले, छे, छे, हे गैर आहे. मग घरी जाऊन त्यांनी आजींना विचारलं.

आजींनी आधी कानावर हात ठेवले. पण कॉलेजात असताना त्यांनी एका नाटकात सात वर्षांच्या मुलीचं काम केलं होतं आणि तेव्हापासून त्यांना कुणी दुसरं काम दिलं नव्हतं. तिसरा फोन आला तेव्हा घरात दोघंच होती. आजींनी पदर खोचला, घसा साफ केला आणि अशा काही लाडिक आवाजात “कोन बोलतंय?” म्हटलं, की आबाच दचकले.

नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण रंगमंच एकदा मिळाल्यावर सोडवतो थोडाच! आजींनी आपल्याला काय काय आवडतं ते सांगितलं, एक कविता म्हटली, आणि कुणी विचारलेलं नसताना एकोणीसचा पाढा म्हणून दाखवला. फोन ठेवला तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते.

आठवड्याने पत्र आलं. “अर्जदाराशी दूरध्वनीवर संभाषण झाले. अर्जदारास उत्तम ऐकू येते, उच्चार स्पष्ट असून एकोणीसचा पाढा येतो. सबब दुभाषीची आवश्यकता दिसत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

सूनबाईने ते पत्र दोनदा वाचलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्राची नीट घडी घातली, आजींकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “आबा, आता तुम्ही काही करू नका हं.” मुलाने पेन शोधून आणलं. दोघं आतल्या खोलीत जाऊन अपिलाचा कागद लिहायला बसली. आणि भिंगरीला यातलं काही सांगायचं नाही, असं मोठ्यांच्यात ठरलं. मोठ्यांना असं काहीतरी ठरवायला नेहमीच आवडतं.

त्या दिवशी आबा जेवताना नुसता भात कालवत बसले. जेवणाच्या टेबलावर बाकीच्यांचे हात चालू होते. सूनबाई, मुलगा, आजी, भिंगरी, चौघंही भराभर खुणांनी बोलायची, मधेच खदखदून हसायची. आबांना एकंदर पाच खुणा यायच्या: ये, जेव, नको, शाब्बास आणि माझा चष्मा कुठे आहे. आपण शिकायला हवं असं त्यांना दरवर्षी वाटायचं. पण भिंगरी त्यांच्या मांडीवर येऊन बसायची, ते तिला तोंडाने लांबलचक गोष्टी सांगायचे, ती त्यांच्या मिशीच्या हालचाली बघत राहायची, आणि आपलं छान चाललंय असं आबा धरून चालायचे. मिशीमुळे तिला ओठ दिसतच नव्हते, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

अपिलाचं उत्तर आलं: ‘दिनांक अमुक रोजी सुनावणीस हजर राहावे.’ भिंगरीने पत्र ओढून घेतलं, ‘सुनावणी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘कशी?’

प्रश्न रास्त होता. सूनबाई खिडकीवर चौकशी करून आली. अर्जदाराने आपलं म्हणणं स्वतः मांडायचं. खात्याची दुभाषी मिळेल, पण ती दुभाषीची मंजुरी झाल्यावर. तोवर घरचं माणूस चालेल. फक्त ज्यांच्या अर्जावर सह्या आहेत ते चालणार नाहीत, म्हणजे आई आणि वडील बाद.

“मग आजी आहेत की,” मुलगा म्हणाला.

“त्यांचा आवाज खात्यात सगळ्यांच्या ओळखीचा झालाय,” सूनबाई म्हणाली.

मग सगळे हळूहळू आबांकडे वळले. अंगावर डास बसलाय हे सांगण्याआधी लोक ज्या चेहऱ्याने बघतात, त्या चेहऱ्याने.

तीन आठवडे होते. मास्तरीण म्हणून भिंगरी अतिशय कडक निघाली. पहिल्याच दिवशी तिने आबांची मिशी कातरून घ्यायला लावली. ती मिशी एकोणचाळीस वर्षांची होती. आबा न्हाव्याकडून परत आले तेव्हा आजींनी दार उघडून “कोण पाहिजे?” असं विचारलं, आणि ते नाटक नव्हतं.

दुसरी अडचण चेहऱ्याची. या भाषेत नुसते हात हलवून भागत नाही. चेहराही बोलावा लागतो. प्रश्न असेल तर भुवया हलल्या पाहिजेत, राग असेल तर राग दिसला पाहिजे. आबांनी चौतीस वर्षं चेहऱ्यावर काहीही न दिसण्याची नोकरी केली होती. भिंगरी त्यांच्या भुवया बोटांनी वर ढकलायची. सोडल्या की त्या खाली यायच्या. शेवटी तिने चिकटपट्टी आणली.

चुका तर विचारू नका. ‘उद्या मी लवकर उठेन’ असं सांगायला गेले आणि ‘उद्या मी अंडं घालेन’ असं सांगून बसले. भिंगरी जमिनीवर लोळून हसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशी उचलून तपासून गेली. आबांना राग आला, पण तो चेहऱ्यावर अगदी बरोबर उमटला, म्हणून तिने शाब्बासकी दिली. गच्चीत सराव करावा तर ड्रिल मास्तरांना वाटलं व्यायामाचा नवा प्रकार आहे. ते बाजूला उभे राहून नकळत ‘माझी म्हातारी गाय हरवली आहे’ असं हातांनी वीस वेळा म्हणाले आणि खांदे मोकळे झाले म्हणून खूश होऊन गेले. औषधवाल्याने खिडकीतून पाहिलं आणि झटक्यांच्या गोळ्या पाठवून दिल्या. आबांनी त्या परत पाठवल्या. त्यांना स्वाभिमान होता, भुवयांवर चिकटपट्टी असली म्हणून काय झालं.

पण तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. जेवताना भिंगरीने आजींना काहीतरी सांगितलं, आजी हसल्या, आणि आबांना कळलं. त्यांच्याबद्दलच होतं. ते घोरतात तेव्हा भिंत थरथरते आणि भिंगरीला भिंतीला हात लावून त्यांचं घोरणं कळतं, असं ती सांगत होती. आबांनी हाताने म्हटलं, “भिंत जुनी आहे.” टेबलावर एकदम सगळे हात थांबले. भिंगरी उठून त्यांच्या खुर्चीपाशी आली, शाब्बासकी म्हणून त्यांच्या गालावर चमचा टेकवला आणि परत जाऊन जेवायला लागली.

सुनावणीच्या दिवशी खोलीत एक लांब टेबल, दोन पंखे आणि एक अधिकारीबाई होत्या. पंख्यांपैकी एकच फिरत होता. आई-वडिलांना मागच्या बाकावर बसवलं होतं. आजी बाहेर, तोंड उघडायचं नाही या अटीवर. आबा कोट घालून आले होते.

अधिकारीबाईंनी विचारलं, “बाळ, तुला वर्गात दुभाषी कशाला हवी?”

आबांनी ते हातांनी नीट सांगितलं. भुवया वर गेल्या. भिंगरीने उत्तर दिलं. छोटंसं होतं. वर्गात सगळे हसतात तेव्हा मीही हसते, पण कशाला हसले ते मला माहीत नसतं. मैत्रीण मागून लिहून देते. तोवर हसणं संपलेलं असतं.

आबांना ते समजलं. शब्दन् शब्द समजला. आणि ते ताडकन उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, “महोदया! ज्ञानाचा अथांग सागर समोर उसळत असता ज्या कोवळ्या जिवाला काठावर तहानलेलं बसावं लागतं...”

चार मिनिटं झाली. सूनबाईने मागे डोळे मिटून घेतले. आबा सागरातून नदीत आले, नदीतून दिव्याकडे वळले, तेव्हा त्यांच्या कोटाची बाही कुणीतरी जोरात ओढली.

“मी इतकं नाही बोलले,” भिंगरी हातांनी म्हणाली. “तू काय सांगतोयस?”

“तेच,” आबांनी हाताने सांगितलं. “जरा सजवून.”

“काय चाललंय?” अधिकारीबाईंनी विचारलं. मग त्यांनी समोरची फाईल उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आणि हे काय? इथे तर लिहिलंय, अर्जदार फोनवर उत्तम बोलते. एकोणीसचा पाढासुद्धा म्हणून दाखवलाय.”

भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. “बाई काय म्हणाल्या?”

आबांनी सांगितलं, “फाईलबद्दल काहीतरी.”

“काय?”

“नंतर सांगतो.”

‘नंतर सांगतो’ ही खूण भिंगरीला सगळ्यांत जास्त माहीत होती. आयुष्यभर तिला सगळ्यांनी हीच दाखवली होती. तिने बाही सोडली आणि नुसती बघत राहिली. खोलीतल्या सगळ्यांना काय बोलणं झालं ते माहीत होतं आणि जिच्याबद्दल झालं तिलाच माहीत नव्हतं. आबांनी कोटाचं बटण काढलं, खुर्चीत बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आले आणि बोटांनी सगळं सांगितलं. फोन आला होता. तू आहेस असं भासवून आजी बोलली. मी बोलायला लावलं. म्हणून अर्ज फेटाळला.

भिंगरीचा चेहरा लाल झाला. तिचे हात इतके भराभर फिरले की आबांना दोनदा ‘हळू’ म्हणावं लागलं. मग त्यांनी मान वळवून अधिकारीबाईंना सांगितलं, या वेळी एक शब्दही न वाढवता:

“मला ऐकू येत नाही. फोनवर माझी आजी होती. माझ्या ऐवजी आजी बोलली. आत्ता आबा बोलले, तेही माझ्या ऐवजीच. मी थोडंच बोलले होते. त्यांनी खूप सांगितलं. आबा चांगले आहेत. पण त्यांना खूण नीट येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. मला अशी ताई पाहिजे, जी मी म्हणेन तेवढंच सांगेल. आणि बाई म्हणतील ते सगळं सांगेल. नंतर नाही. तेव्हाच.”



अधिकारीबाईंनी चष्मा काढून पुसला. “आजोबा, हे सगळं ती म्हणाली? की तुम्ही काही...”

“महोदया,” आबा म्हणाले, “यात माझं काही असतं, तर माझ्याविषयी बरं आलं असतं.”

बाई हसल्या. काय झालं ते आबांनी हातांनी भिंगरीला लगेच सांगितलं आणि मग तीही हसली, जवळजवळ त्यांच्याबरोबरच. फोनच्या प्रकरणावर अधिकारीबाई आजींना आत बोलावून पाच मिनिटं खूप बोलल्या. आजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पाढ्याचं कौतुक मात्र त्यांनी त्यातूनही वेचून घेतलं. मग बाईंनी खातरजमेचा छापील कागद मागवला, त्यावर ‘अर्जदारास ऐकू येते का?’ असा नवा रकाना पेनाने आखला, फोन करणाऱ्या बाईंना बोलावून तो दाखवला, आणि भिंगरीच्या अर्जावर सही केली.

घरी जाताना भिंगरी आजीशी आणि आबांशी बोलत नव्हती. दोन दिवस बोलली नाही. हातांनी न बोलणं म्हणजे काय, हे आबांना तेव्हा कळलं: ती हात पाठीमागे बांधून घरभर फिरायची. तिसऱ्या दिवशी आबांनी लिहून नव्हे, हातांनी माफी मागितली. तीत एक चूक होती. ती दुरुस्त करायचा मोह भिंगरीला आवरला नाही, आणि भांडण मिटलं.

पुढच्या महिन्यात दुभाषी ताई शाळेत रुजू झाली. उंच, सडपातळ, च्युइंगम खाणारी मुलगी होती, आणि तिचे हात बघून आबांना आपण इतके दिवस हातांनी बोबडं बोलत होतो हे लक्षात आलं. आठवड्यातून चारच दिवस ताई मिळायची. पाचव्या दिवसासाठी सूनबाईने नवा अर्ज केला आहे. तो आबांना दाखवलेला नाही.

सहा आठवड्यांनी शाळेतून बोलावणं आलं. मुलगा आणि सूनबाई दोघंही कामावर, म्हणून आबा गेले. वाटेत त्यांच्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. मंजुरी मागे घेतली असेल का? ताई सोडून गेली? वर्गशिक्षिका दारातच भेटल्या. दमलेल्या दिसत होत्या.

“आजोबा, बरं झालं आलात. भिंगरीचं जरा बघा हो. ताई आल्यापासून फार बोलते वर्गात. मी एक वाक्य म्हटलं की हिचे दोन प्रश्न. काल म्हणाली, बाई, हे तुम्ही परवाही सांगितलं होतं. मागच्या बाकावरच्या दोघींना खुणा शिकवल्यात, आता त्या तिघी तासभर गप्पा मारतात आणि मला आवाजही येत नाही, ओरडायचं तरी कुणाला? परवा हिने काहीतरी विनोद केला, ताईंनी तो मोठ्याने सांगितला, सगळा वर्ग हसत सुटला. दहा मिनिटं! धडा राहिला माझा.”

आबा ऐकत होते. त्या तीन आठवड्यांच्या सरावापासून त्यांच्या भुवया आपोआप हलायला लागल्या होत्या. आता त्या दोन्ही वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

“तुम्ही काही बोलत नाही?” बाईंनी विचारलं.

आबांनी खिशातून पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

“बाई,” ते म्हणाले, “ही तक्रार मला लेखी मिळेल का?”